पोलीस ठाण्यातले समाजकार्य

महाराष्ट्रात स्त्रियांसाठीच्या समाजकार्याची सुरुवात आश्रय देण्यापासून झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांना छप्पर आणि शिक्षण देणारे हे काम त्या काळी बंडच होते. पण जिचा नवरा हयात होता आणि जिला घरातच मार बसत होता, तिची दखल फार उशिरा घेतली गेली. तिची समजूत काढून तिला परत नांदायला धाडणे, यालाच पुढेही दीर्घकाळ यश म्हटले गेले.

या समजुतीला धक्का दिला तो स्त्रीमुक्ती चळवळीने. मथुरा या मुलीवरील बलात्काराच्या खटल्यातील दोन्ही आरोपी पोलीस 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. त्याविरुद्ध चार विधिज्ञांनी 1979 मध्ये खुले पत्र लिहिले आणि 1980 मध्ये मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला. बलात्काराविरुद्ध लढणाऱ्या या कार्यकर्त्यांकडे घरात मार खाणाऱ्या बायकाही येऊ लागल्या. 1983 च्या डिसेंबरात भारतीय दंड संहितेत कलम 498-अ आले आणि सासरचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला.

कायदा झाला, तरी ठाण्यात ‘घरचे भांडण आहे, मिटवून घ्या’ हेच ऐकायला मिळे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो थेट क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात. जिथे बाईला सर्वांत जास्त धास्ती वाटते, तिथेच तिच्या बाजूची समाजकार्यकर्ती बसवणे हा या प्रयोगातला खरा धाडसी भाग होता.

कामाची रीतही बदलली. ‘तू काय केलेस म्हणून त्याने मारले?’ हा प्रश्न इथे विचारला जात नाही. बाईचे म्हणणे तिच्याच शब्दांत ऐकून घेतात. तक्रार करायची, वेगळे राहायचे की परत जायचे, हे ती ठरवते. नवऱ्याला बोलावून बैठक होते, पण मारहाण थांबवणे ही तिथली पहिली अट असते, या अटीवर वाटाघाट नाही. स्त्रीधन परत मिळवताना कार्यकर्ती पोलिसांसोबत सासरी जाते. दागिने, भांडीकुंडी यांची यादी करून एकेक वस्तू ताब्यात घेतली जाते. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. पण रित्या हाताने बाहेर पडलेल्या बाईला नव्या खोलीत चूल मांडायची तर याच वस्तू लागतात.

मारहाण झालेली प्रत्येक बाई ठाण्यात जात नाही. दवाखान्यात मात्र तिला जावेच लागते. तिथे जखमेवर मलमपट्टी होई आणि कारण ‘पडले’ असे लिहिले जाई. हे ओळखून मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. पोलिसांकडच्या विशेष कक्षांची जबाबदारीही पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने घेतली आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. ऑक्टोबर 2006 मध्ये लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शारीरिक माराबरोबरच मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही हिंसेत धरला, आणि घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क बाईला दिला.