जपानी नौसैनिकांची चौकशी : तळटीप
१४. जपानी नौदलातले कैदी एकदा बोलू लागले की इतके मोकळेपणाने का बोलत, याचे कारण त्यांच्या शिक्षणात आहे. जिवंत पकडले जाणे ही शक्यताच तिथे मान्य नव्हती. त्यामुळे शत्रूच्या हाती लागल्यावर काय लपवावे, हे त्यांना कुणी शिकवलेले नसे. ८ डिसेंबर १९४१ रोजी ओआहू बेटाच्या किनाऱ्यावर सापडलेला काझुओ साकामाकी हा अमेरिकेचा पहिला जपानी युद्धकैदी. पर्ल हार्बरवर निघालेल्या पाच छोट्या पाणबुड्यांवर मिळून दहा जण होते. जपानने गौरव केला तो मेलेल्या नऊ जणांचा. साकामाकीने तर मरणच मागितले होते. अशा माणसावर दरडावून काही हाती लागत नाही, हे जपानमध्ये अनेक वर्षे मिशनरी म्हणून राहिलेले मरीन दलातले मेजर शेरवुड मोरान पुरते ओळखून होते. कैद्याच्या जखमेची आधी विचारपूस करा, त्याच्याशी माणूस म्हणून बोला, असे त्यांनी १९४३च्या टिपणात दुभाष्यांना सांगितले. त्यात माहिती मिळवण्याचा हेतू होताच, पण कळकळही खरी होती, असे माझे मत आहे. कॅलिफोर्नियातील बायरन हॉट स्प्रिंग्जच्या गुप्त केंद्रात मात्र कैद्यांच्या खोल्यांत मायक्रोफोन लपवलेले असत. – संपा.