अजिंठ्याच्या नकला व दुनहुआंगचे दालन

प्राचीन चित्र लोकांस दाखवावे की लोकांपासून राखावे, हा वाद जुनाच आहे. परंतु त्याची फार मोठी किंमत आपल्या अजिंठ्याने मोजली, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल.

इ. स. १८१९ मध्ये जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल ह्याची तेथील चित्रांच्या नकला उतरण्याच्या कामी नेमणूक झाली. पारोच्या आख्यायिकेमुळे गिलचे नाव आपल्याकडे घरोघर पोहोचले आहे. आम्हांस मात्र त्याच्या नकलांचे दैव अधिक चटका लावते. वर्षानुवर्षे खपून केलेली ती चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली असता १८६६ च्या आगीत बहुतेक सारी जळाली. तरीही हिय्या न सोडता मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी १८७२ पासून पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह तेच काम पुनः आरंभिले. त्यांच्याही कित्येक नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्या! ह्याहून वाईट गोष्ट अशी की, रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निशचे हात फिरविले गेले. ते पिवळे पडले, आणि १९२० च्या सुमारास निजाम सरकारास इटलीहून तज्ज्ञ आणवून दुरुस्ती करवावी लागली. चित्र जगास दाखविण्याच्या उत्साहात चित्रच झाकोळले.

ज्या धर्माने अजिंठ्याच्या भिंती रंगविल्या, तोच पुढे चीनच्या कान्सू प्रांतात, वाळवंटाच्या कडेस, दुनहुआंगजवळ पोहोचला. तेथे मोगाओच्या डोंगरात चित्रांकित लेणी ४९२ आहेत. संकट येथेही तेच. फक्त आता व्हार्निशऐवजी प्रेक्षकाचा श्वास! गर्दीच्या उच्छ्वासातील ओलावा रंगांस पोखरतो. १९६३ पासून तेथे राहिलेल्या व १९९८ मध्ये तेथील संशोधनसंस्थेच्या प्रमुख झालेल्या फान जिन्शी ह्या विदुषीने लेण्यांचे संगणकीय छायाचित्रण करवून घेण्याचा ध्यास धरला. २०१४ पासून यात्रेकरू प्रथम घुमटाकार पडद्यावर लेणी पाहतो, आणि मगच गाडीने डोंगराकडे जातो.

पण आम्हांस खरे कौतुक वाटते ते २०१२ साली हाँगकाँगमध्ये सारा केंडरडाइन व जेफ्री शॉ ह्यांनी रचलेल्या ‘प्युअर लँड’ नामक दालनाचे. विषय एकच: २२० क्रमांकाचे, इ. स. ६४२ चे लेणे. भोवताली वर्तुळाकार पडदा. त्यावर त्या लेण्याच्या भिंती पूर्ण आकारात उभ्या. प्रेक्षकाने खूण करताच हवा तो भाग भिंगाखाली आल्यासारखा मोठा होतो, विटलेले रंग मूळच्या तेजाने उजळतात, नर्तकी चित्रातून निघून नाचू लागतात, चित्रित वाद्ये ऐकू येतात. नाचणाऱ्या नर्तकींविषयी आमचे मत थोडे साशंक आहे. चित्रकाराने जे स्थिर केले ते हलविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? परंतु भिंगाविषयी मात्र शंका नाही. गिलची नकल गिलने जे पाहिले तेवढेच दाखवी. येथे काय पाहावे व किती वेळ पाहावे, हे प्रेक्षक स्वतः ठरवितो.

ह्याचे मोल आम्हांस एका सहलीत कळले. विद्यार्थ्यांसह आम्ही सोळाव्या लेण्यातील ‘मरणोन्मुख राजकन्ये’पुढे उभे होतो. “सर, हिला झालंय तरी काय?” एका मुलीने विचारले. आम्ही नंदाच्या गृहत्यागाची कथा सांगू लागलो, तोच राखणदाराचा दिवा पुढे सरकला, राजकन्या अंधारात गेली, आणि मागची रांग आम्हांस लोटू लागली. राखणदाराचा दोष नव्हता. दाराशी शेकडो लोक तिष्ठत होते.

अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जसाहाय्याने एक मोठे केंद्र बांधले गेले. त्यात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या. त्या मुलीस तिथे राजकन्येपुढे घटकाभर निवांत उभे राहता आले असते. परंतु वीजपाण्याची देयके थकली, आणि ते केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली. गिलच्या नकला निदान आगीत तरी गेल्या!