पुरुष वंध्यत्व आणि मूलपेशी : संशोधन कुठवर?

मूल न होण्याचा दोष केवळ स्त्रीकडे देण्याची प्रथा जुनी असली, तरी अनेक जोडप्यांमध्ये कारण पुरुषात असते. काही पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूच आढळत नाहीत. या स्थितीस 'अझूस्पर्मिया' म्हणतात. वृषणात मोजके शुक्राणू सापडले, तर 'इक्सी' तंत्राने एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडता येतो. या तंत्राने झालेल्या गर्भधारणांची पहिली नोंद १९९२ मध्ये झाली. मात्र वृषणात शुक्राणूंची निर्मितीच होत नसेल, तर हाही मार्ग खुंटतो. तेथे मूलपेशी अर्थात स्टेम सेलकडे आशेने पाहिले जाते.

वृषणातील सूक्ष्म नलिकांमध्ये शुक्राणूंच्या मूलपेशी असतात. त्यांच्यापासून सुमारे अडीच महिन्यांत शुक्राणू तयार होतात. कर्करोगावरील केमोथेरपी किंवा किरणोपचाराने त्या नष्ट झाल्यास कायमचे वंध्यत्व येऊ शकते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे राल्फ ब्रिन्स्टर यांनी १९९४ मध्ये एका उंदराच्या मूलपेशी दुसऱ्या वंध्य उंदराच्या वृषणात सोडून शुक्राणुनिर्मिती घडवली. जपानच्या क्योटो विद्यापीठातील मितिनोरी साइतो यांच्या गटाने २०११ मध्ये उंदराच्या भ्रूणातील मूलपेशींपासून शुक्राणूंच्या पूर्वपेशी बनवल्या. वंध्य उंदरांच्या वृषणात त्यांपासून शुक्राणू तयार झाले आणि निरोगी पिले जन्मली. २०१२ मध्ये पिट्सबर्ग येथील काइल ऑर्विग यांच्या गटाने मूलपेशी प्रत्यारोपणाचा हाच प्रयोग माकडांवर यशस्वी केला.

मानवाबाबत मात्र वाट लांबची आहे. बालपणी केमोथेरपीपूर्वी गोठवलेल्या मूलपेशी एका तरुणाच्या वृषणात सोडल्याची माहिती पिट्सबर्गच्याच संशोधकांनी २०२५ मध्ये दिली. त्या वेळेपर्यंत त्याच्या वीर्यात शुक्राणू आढळले नव्हते. शिवाय रक्ताच्या कर्करोगात साठवलेल्या ऊतींबरोबर कर्करोगाच्या पेशी शरीरात परतण्याचा धोका असतो. प्रयोगशाळेत घडवलेल्या शुक्राणूंमधील जनुकीय दोष पुढच्या पिढीत उतरण्याची भीतीही आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त उपचार वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. वंध्यत्वावरील वापर मान्यताप्राप्त उपचारांत मोडत नाही. त्यामुळे हमखास अपत्यप्राप्तीचे आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्यांपासून जोडप्यांनी सावध राहावे.

कर्करोगग्रस्त मुलांच्या बाबतीत वेळेला विशेष महत्त्व आहे. वयात आलेल्या मुलाचे वीर्य उपचारापूर्वी गोठवता येते. त्याहून लहान मुलांसाठी वृषणातील ऊती साठवण्याचा, अद्याप प्रायोगिक असलेला, पर्याय काही केंद्रांत आहे. दोन्ही निर्णय केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच घ्यावे लागतात. म्हणूनच पालकांनी याविषयी डॉक्टरांना आधीच विचारणे हिताचे ठरते.