उजेड मारण्याआधी

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या होत्या. थंडी मरणाची. एका मंडळाने रात्री तिथे घोंगडी वाटायचा कार्यक्रम ठेवला आणि फोटोला मला बोलावलं. मी स्टुडिओवाला माणूस. लग्नं, बारशी, साखरपुडे, शाळेचे ग्रुप फोटो हे माझं पोटापाण्याचं काम. बॅटरीवरचे दोन फ्लॅश, स्टँड, छत्री असं सगळं एका बॅगेत बसतं. लाइट असो नसो, आपलं काम अडत नाही, याचा मला अभिमानच होता म्हणा ना.

एका कोपीत एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. आत मिट्ट काळोख. पाहुण्यांनी घोंगडं पुढे केलं, मी फ्लॅश मारला. पोर दचकून रडायला लागलं. आजीने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "आरं, घोंगडं दिलं ते दिलं. पर उजेड मारायच्या आधी इचारायचं तरी!"

सगळे हसले. मीही हसलो. कुणीतरी म्हणालं, "आजी, पेपरात येईल तुमचा फोटो." आजीने तेच नवं घोंगडं डोक्यावरून पुढे ओढून घेतलं.

फोटो पेपरात आला नाही, पण मोबाइलवर भरपूर फिरला. माझ्या मनातून मात्र ते वाक्य जाईना. म्हणून आज जरा लांबण लावतोय. आपल्या हातातला हा उजेड आला कुठून आणि तो पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर मारला गेला, हे सांगायचंय.

फोटोग्राफी सुरू झाली ती सूर्याच्या जिवावर. काळोखात फोटो काढायचा तर उजेड सोबत न्यावा लागे आणि ते काम सोपं नव्हतं. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये नादार नावाच्या फोटोग्राफरने शहराखालच्या भुयारांचे फोटो विजेच्या दिव्यावर काढले. बॅटऱ्या एवढ्या अवजड की त्यांच्यापासून लांबलचक तारा ओढाव्या लागल्या. एकेका फोटोला १८-१८ मिनिटं लागत. जिवंत माणूस इतका वेळ हलल्याशिवाय राहणार कसा? म्हणून त्याने कामगारांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले! म्हणजे अंधारातल्या माणसाचा फोटो काढायचा होता, तर आधी माणूसच बाजूला करावा लागला.

मग मॅग्नेशियम आलं. या धातूची तार पेटवली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. तारेने काम भागत होतं, पण ती हळू जळे. खरा बदल झाला १८८७ साली. जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळलं. ठिणगी पडली की हे मिश्रण क्षणात भडकायचं. नाव पडलं 'ब्लिट्झलिष्ट', म्हणजे विजेसारखा लखलखाट. पहिल्यांदाच उजेड खिशात मावला.

ही बातमी न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने वाचली. वर्तमानपत्रातल्या जेमतेम चार ओळी होत्या. तो माणूस जेकब रीस. १८४९ चा जन्म, मूळचा डेन्मार्कचा. १८७० मध्ये अमेरिकेत आला तेव्हा खिसा रिकामा. पोलीस चौकीच्या फुकट निवाऱ्यात फळीवर रात्र काढायची वेळही त्याच्यावर आली. पुढे तो पत्रकार झाला आणि मलबरी स्ट्रीटवरच्या पोलीस मुख्यालयासमोर बसून गुन्ह्यांच्या बातम्या देऊ लागला. रात्री बेरात्री घरी जाताना त्याला त्या भागातल्या 'टेनमेंट' दिसत. आपल्याकडच्या चाळीला जवळचा प्रकार, पण मोकळी गॅलरी नाही. आतल्या कित्येक खोल्यांना खिडकीच नसे. भर दुपारीही रात्र.

रीस लिहीत होता. दर आठवड्याला लिहीत होता. वाचणारे वाचून पान उलटत होते. आरोग्य मंडळाला अहवाल जात होते, तेही तसेच फाइलला लागत. आपल्याला हे काही नवीन नाही.

त्या चार ओळी वाचल्यावर त्याने आरोग्य खात्यातले डॉ. जॉन नेगल यांना गाठलं. त्यांना फोटोग्राफीचा छंद होता. त्यांनी आणखी दोन हौशी फोटोग्राफर जमवले. थोड्याच दिवसांत ही टोळी पोलिसांना सोबत घेऊन मध्यरात्री वस्त्यांमध्ये शिरू लागली.

आता सामानाचं ऐका. सुरुवातीला ती भुकटी काडतुसात भरून पिस्तुलातून उडवायची असे. कल्पना करा, रात्री दोन वाजता दार ढकलून चार-पाच अनोळखी माणसं आत येतात, एकाच्या हातात पिस्तूल, धाड आवाज, डोळ्यांपुढे पांढराशुभ्र लोळ, आणि खोलीभर धूर ठेवून मंडळी निघून जातात. लोक जीव घेऊन पळत, काही खिडकीतून उड्या टाकत. शेवटी रीसने पिस्तूल सोडलं आणि स्वयंपाकघरातला तवा घेतला. तव्यावर भुकटी पसरायची आणि पेटवायची. यात एकदा त्याचे स्वतःचे डोळे जाता जाता वाचले. एका माळ्यावर आंधळ्या भिकाऱ्यांचा फोटो काढताना भिंतीवरच्या कागदाचिंध्यांनी पेट घेतला. खोलीत पाच आंधळी माणसं, खाली जायला मोडके जिने. त्याने कशीबशी आग विझवली आणि खाली जाऊन पोलिसाला सांगितलं. पोलीस हसायला लागला. म्हणाला, हे घर पेटतच नाही, भिंतींवर मळाचा थर एवढा की आग त्यातच गुदमरते!

बेयर्ड स्ट्रीटवरच्या एका खोलीचा त्याचा फोटो जगभर माहीत आहे. जेमतेम १३ फुटांची खोली, आत १२ जण. काही फळ्यांवर, बाकी जमिनीवर. एका रात्रीच्या जागेचे पाच सेंट. फोटोत माणसं झोपेतून अर्धवट उठलेली, डोळे किलकिले. त्यांना काय चाललंय ते कळलेलंच नाही.

आणि गंमत बघा. वस्तीतल्या गर्दीचा अहवाल आरोग्य मंडळापुढे गेला तेव्हा नुसत्या शब्दांनी कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. रीसने डार्करूममधून आणलेल्या, पाणी गळणाऱ्या ओल्या काचा समोर ठेवल्या, तेव्हा वाद संपला. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवलंय.

पुढचा इतिहास मोठा आहे, पटकन सांगतो. सोबतचे हौशी लोक जागरणांना कंटाळले, तेव्हा रीसने २५ डॉलरचं सामान घेतलं आणि स्वतः फोटो शिकला. जानेवारी १८८८ मध्ये त्याने मॅजिक लँटर्नवर स्लाइड दाखवत पहिलं व्याख्यान दिलं. फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क सन'मध्ये लेख आला, पण फोटो छापायची सोय नव्हती म्हणून त्यांवरून काढलेली रेखाचित्रं छापली. १८९० मध्ये 'हाउ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक निघालं. ते वाचून थिओडोर रूझवेल्ट मदतीला आला. तो पोलीस आयुक्त झाल्यावर १८९६ मध्ये पोलीस चौक्यांमधले ते घाणेरडे निवारे बंद झाले, ज्यांत रीस स्वतः झोपला होता. मलबरी बेंडची बदनाम वस्ती पाडून तिथे बाग झाली, ती १८९७ मध्ये उघडली. १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत खोल्यांना उजेड-वारा आणि घराघरात संडास सक्तीचा झाला. एकट्या रीसमुळे हे झालं असं नाही, वर्षानुवर्षं झटणारे बरेच होते. पण अंधार दिसला तो त्या तव्यावरच्या भुकटीमुळे.

मग आजीचं वाक्य चुकलं का?

नाही चुकलं. रीसच्या फोटोंमध्ये बहुतेकांना नाव नाही. त्याला खोलीचा काळोख दाखवायचा होता, माणूस त्या खोलीतल्या सामानासारखा आला. पुस्तकात तो इटालियन, ज्यू, चिनी लोकांबद्दल जे सरसकट लिहितो ते आज वाचताना अंगावर येतं. ज्यांच्यासाठी लढला, त्यांना त्याने फारसं विचारलं नाही. पोलिसांसोबत मध्यरात्री घरात शिरणारा माणूस भल्यासाठी आला असला, तरी घर आपलं असतं. याच काळात, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले होते. हेतू रोग हटवायचा होता, पण लोकांच्या मनात काय राहिलं ते तुम्हाला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे.

तीच भुकटी काही वर्षांनी दुसऱ्या एका माणसाने वापरली. लुइस हाइन. हा शाळामास्तर. १९०४ पासून तो न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, बोटीतून उतरणाऱ्या स्थलांतरितांचे फोटो काढू लागला. जागा म्हणजे बाजारच. गर्दी, गोंगाट, भाषा येत नाही, खांद्यावर अवजड कॅमेरा, तिपाई, फ्लॅशची भुकटी आणि तवा. तरी तो खाणाखुणांनी आधी थांबायची विनंती करी, माणसाला उभं करी, कॅमेरा लावी, मग भुकटी पेटवी. त्याच्या फोटोतली बाई थकलेली असते, पण ती सरळ तुमच्याकडे बघत असते. पोर्ट्रेट म्हणतात ते हे.

१९०८ पासून त्याने बालमजुरीविरुद्धच्या राष्ट्रीय समितीसाठी काम केलं. गिरण्या, खाणी, रात्रपाळीचे काचेचे कारखाने. मालक आत घेत नसत, तेव्हा तो बायबल विकणारा किंवा तपासनीस बनून शिरे. म्हणजे थाप मारली, पण ती मालकाला. मुलांना मात्र तो नाव विचारी, वय विचारी, किती तास काम, किती दिवस झाले ते विचारी आणि खिशातल्या खिशात टिपून घेई. कोटाच्या बटणांवरून त्याला मुलाची उंची मोजता येई. साउथ कॅरोलिनातल्या सूतगिरणीतल्या एका मुलीच्या फोटोखाली उंची लिहिली आहे ४८ इंच. चार फूट! अशा नोंदी असल्या की फोटोला खोटा म्हणायची सोय राहत नाही. बालमजुरीला आळा घालणारा केंद्राचा कायदा १९१६ मध्ये झाला, १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि टिकाऊ कायदा यायला १९३८ उजाडलं. हाइन १९४० मध्ये कफल्लक अवस्थेत गेला.

त्यानंतर सामान झपाट्याने बदललं. १९२९ मध्ये जर्मनीत काचेचा फ्लॅश बल्ब आला, धूर गेला, आग लागायची भीती बरीच कमी झाली. १९३० च्या दशकात एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने विजेच्या फ्लॅशचं तंत्र असं पुढे नेलं की बल्ब बदलायची गरजच उरली नाही. आज माझ्या बॅगेतला फ्लॅश त्याचाच नातू. त्याचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागात येतो आणि जातो. आणि तुमच्या प्रत्येकाच्या मोबाइलमागे एक दिवा आहेच.

सामान सोपं झालं, पण आपण रीसच्याही मागे गेलो असं मला वाटतं. का ते सांगतो. रीसच्या फोटोत खोली दिसते. हाइनच्या फोटोत माणूस दिसतो. आपल्या वाटपाच्या फोटोत देणारा दिसतो! घोंगडं मध्ये, पाहुणे हसतमुख, घेणारा कोपऱ्यात मान खाली घालून. मी असे शेकडो फोटो काढलेत, म्हणून बोलायचा हक्क मला आहे आणि शरमही मलाच आहे. त्या रात्रीच्या माझ्या एकाही फोटोत कोपीत दिवा नव्हता हे दिसत नाही. दिसणार कसं? मीच तर लख्ख उजेड केला होता.

आठ दिवसांनी मी परत गेलो. कॅमेरा बॅगेतच ठेवला. आजीला आधीचा फोटो दाखवला आणि माफी मागितली. तिने चहा दिला. काळा, बिनदुधाचा. मग मीच विचारलं, "आजी, तुमचा नीट एक फोटो काढू का?" म्हणाली, "माजा काय काढतूस? आतलं काढ. रातीला हितं दिवा न्हाई, इच्चूकाट्याचं भ्या वाटतंय, ते दाव."

कोपी एवढी ठेंगणी की आत स्टँड उभा राहीना. मग फ्लॅश दाराबाहेर ठेवला, छत्रीवर मारून मऊ केला आणि पोराला आधी दोनदा उजेड दाखवला, म्हणजे दचकू नये. त्याला मजाच वाटली. आजी पदर सारखा करून बसली आणि थेट लेन्समध्ये बघितलं. तिच्या परवानगीने तो फोटो मजुरांच्या अर्जाला जोडला. मागणी साधी होती, कोप्यांपर्यंत दिव्याची आणि पाण्याची सोय करा.

दिवा आला नाही. हंगाम संपला, कोप्या उठल्या, जागा नांगरून झाली.

यंदा दिवाळीच्या आगेमागे टोळ्या परत येतील. घोंगडी वाटणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगतो, जरूर वाटा, थंडी खरी आहे. फोटोही काढा, मी फुकट येतो. फक्त तीन गोष्टी पाळा. आधी विचारा. नाव विचारा. आणि एक फोटो असा काढू द्या की ज्यात देणारा कुणी नसेल आणि तिथे काय नाही ते दिसेल. तो फोटो घेऊन आपण सगळे मिळून अर्ज करू. गेल्या वेळी अर्जावर अंगठे फक्त मजुरांचे होते, ते सहा महिन्यांत निघून जाणार हे साहेबांना ठाऊक होतं. या वेळी सह्या गावच्या असू द्या.

कोण कोण सही करणार, ते खाली सांगा.