संहितेचे राखणदार

शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत पोथ्या उतरून काढणाऱ्यांच्या हातून त्यात पाठभेद शिरले होते आणि परक्या ओव्याही घुसल्या होत्या. एकनाथांनी पाठ निश्चित केला आणि यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे अखेरीस बजावून ठेवले. मराठी ग्रंथाच्या इतिहासात संहितेची जबाबदारी एका जाणत्या पुरुषाने आपल्या नावानिशी उचलल्याचा हा ठळक प्रसंग होय. संगणकामुळे ग्रंथव्यवहारात जे स्थित्यंतर चालू आहे, त्याची चर्चा बहुधा कागद राहील की जाईल, पुस्तक स्वस्त होईल की महाग, या अंगानेच होते. साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून निकडीचा प्रश्न एकनाथांचाच आहे : ग्रंथाचा पाठ कोणाच्या हाती आहे, आणि तो बिघडल्यास जाब कोणास विचारावयाचा?

जुन्या पोथ्यांच्या समाप्तिलेखात ‘लेखक’ हा शब्द भेटतो, तो पोथी उतरून काढणाऱ्याला उद्देशून. रचणारा तो कवी अथवा ग्रंथकार, लिहिणारा तो लेखक, अशी ही वाटणी होती. मुद्रणकलेने नकलकाराचे काम काढून घेतले आणि ‘लेखक’ ही पदवी ग्रंथकाराला मोकळी झाली. तथापि नकलकार गेला तरी संहितेवर इतरांचे हात फिरावयाचे थांबले नाहीत. खिळे जुळवणारा, मुद्रिते तपासणारा, संपादक आणि प्रकाशक अशी नव्या हातांची साखळी उभी राहिली. संगणकाने त्या साखळीतील बहुतेक दुवे आता एकाच माणसाच्या बोटांखाली आणून ठेवले आहेत. कळफलकावर आपला ग्रंथ आपणच जुळवणारा ग्रंथकार पुन्हा एकदा जुन्या अर्थानेही लेखक झाला आहे.

मराठी अक्षर छापखान्यात आले ते सुखासुखी नव्हे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले ते रोमी लिपीत. जोडाक्षरांसह शेकडो खिळे पाडण्याचे सायास त्या काळी तेथे पेलण्याजोगे नव्हते. पुढे विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे निघाले, आणि १८१० मध्ये तेथूनच त्याचा कोश मोडी खिळ्यांत छापला गेला. त्याच दशकात तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्याने इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या. मराठी मुद्रणाचा आरंभकाळ असा बव्हंशी महाराष्ट्राबाहेरचा आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले, आणि १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरची कीर्ती जितकी वळणदार अक्षरामुळे, तितकीच शुद्ध पाठामुळे पसरली. काशीनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारख्या पंडितांची नावे तेथील ग्रंथांवर संशोधक म्हणून छापलेली असत. पाठाला हमी देणारा माणूस कोण, हे वाचकाला काशीतही कळत असे आणि कांचीतही.

छापलेले ते टिकलेच, असा समज मात्र इतिहासाला मान्य नाही. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरलेल्या प्रतींमुळे. त्यांच्याच आधारे सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला. छापखान्याने केलेले काम नाहीसे झाले आणि नकलकाराने केलेले उरले. साधन नवे आहे एवढ्यावरून संहिता सुरक्षित आहे असे मानता येत नाही, हा धडा मराठीला फार पूर्वीच मिळालेला आहे.

तो धडा संगणकयुगाच्या आरंभी विसरला गेला. १९८० नंतरच्या दशकात खिळे वितळले आणि अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली. भारतीय लिपींसाठी सामाईक संकेत ठरवण्याचे काम त्याच सुमारास चालू होते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता, आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक प्रसिद्धही झाले. परंतु छपाईच्या बाजारात चालला तो निराळा मार्ग. यंत्रात रोमी अक्षरांसाठी राखलेल्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले टंक विकले जाऊ लागले. पडद्यावर आणि कागदावर ‘क’ उमटे. यंत्राच्या स्मृतीत मात्र एखादे रोमी अक्षर किंवा विरामचिन्ह साठवलेले असे. प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी. श्रीलिपीत जुळवलेला मजकूर आकृतीच्या टंकात उघडला की वाचण्याजोगे काही उरत नसे. कागदावरचे पुस्तक हाती येईपर्यंत ही व्यवस्था पुरेशी होती, आणि त्या पुस्तकापलीकडे पाहण्याची गरज तेव्हा कोणाला भासली नाही.

या प्रकाराला मराठी वाङ्मयातच एक दाखला आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत बंद करून ठेवले होते. संहिता अपभ्रष्ट होऊ नये, अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, हा त्यामागचा हेतू. तो शतकानुशतके साधलाही. परंतु त्यामुळेच ‘लीळाचरित्रा’सारखा आद्य गद्यग्रंथ मराठीच्या सर्वसामान्य वाचकाला विसाव्या शतकापर्यंत अपरिचित राहिला. राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांनी लिपीची किल्ली मिळवली तेव्हा मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. १९९० च्या सुमारास जुळवलेली मराठी पुस्तके ही अशीच एक सकळ लिपी होय. फरक इतकाच, की महानुभावांनी कुलूप जाणून घातले होते आणि किल्ली परंपरेने जपली होती. इथे कुलूप नकळत लागले, आणि टंक बनवणारा व्यवसाय बंद झाला किंवा जुने यंत्र मोडीत निघाले की किल्लीही गेली. निर्णयसागरचे शंभर वर्षांपूर्वीचे पान आज यंत्राला पुष्कळसे वाचता येते, आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, संगणकावरच जन्मलेली संहिता पुन्हा पहिल्या अक्षरापासून टंकावी लागते, अशी विपरीत स्थिती त्यामुळे ओढवली. रूपांतर करणाऱ्या प्रणाली निघाल्या आहेत, परंतु त्यांच्या हातून जोडाक्षरे आणि रफार वारंवार निसटतात. रूपांतरित मजकूर कोणी तरी पुन्हा वाचावाच लागतो.

युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि २००० नंतर ती साध्या संगणकांवर वापरात आली. त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतून घरोघर पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांच्या हातचा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला. तरीही मराठीच्या खास गरजा या संकेतात सावकाश पोचल्या. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून भागवावे लागे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ आजही दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोध घेणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पूर्वी पाठभेद नजरेस पडत आणि त्यांवर वाद घालता येई. न दिसणारा पाठभेद ही या युगाची देणगी होय.

संकेत स्थिरावल्यावर प्रकाशनाचे स्वरूप बदलले. किंडल हे वाचनयंत्र २००७ मध्ये अमेरिकेत निघाले आणि २०१६ च्या अखेरीस त्यावर मराठी पुस्तके वाचता येऊ लागली. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याचे धाडस करणारा प्रकाशक न मिळालेल्या ग्रंथकाराला यामुळे वाट मोकळी झाली. या व्यवस्थेत किमतीचा ३५ किंवा ७० टक्के वाटा लेखकाकडे येतो. छापील पुस्तकाच्या मानधनापेक्षा हे प्रमाण किती तरी अधिक आहे. बंगळूरहून २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वर अनेक भारतीय भाषांतील लेखक कथा-कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध करतात, आणि वाचकाचा अभिप्राय पुढले प्रकरण लिहिण्यापूर्वीच हाती येतो. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढून कादंबरी क्रमशः दिली, तिचेच हे नवे रूप म्हणता येईल. मात्र हरिभाऊंच्या कादंबरीचा प्रत्येक अंक छापून झाल्यावर त्यांच्याही हाती उरत नसे. आजच्या लेखकाला कालचे प्रकरण आज बदलता येते, आणि बदलल्याची खूण कोठेही राहत नाही.

छापील ग्रंथाच्या आरंभी आवृत्तीचे वर्ष असे, अखेरीस शुद्धिपत्र असे. चूक कबूल करण्याची ती एक सभ्य रीत होती. यंत्रस्थ ग्रंथात चूक गुपचूप दुरुस्त होते, आणि तितक्याच गुपचूप नवी शिरू शकते. २००९ च्या जुलैमध्ये हक्कांच्या वादावरून ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या विकत घेतलेल्या वाचकांच्या यंत्रांतून दूर बसल्या जागी पुसल्या गेल्या. कपाटातील पुस्तकाविषयी अशी कल्पनाही कोणी केली नसती. कायदाही येथे अपुरा पडतो. १९५७ च्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षे राखला होता. १९९२ च्या दुरुस्तीने ती मुदत ६० वर्षांची झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांचे साहित्य सर्वांना खुले झाले. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु मालकी संपते तेव्हा संहितेचा राखणदारही बहुधा संपतो, आणि कोणत्या आवृत्तीवरून कोणी टंकले याचा पत्ता नसलेल्या प्रती मूळ ग्रंथाच्या नावाने फिरू लागतात. २०२२ नंतर तर मजकूर रचणारी यंत्रेच आली. स्वयंप्रकाशनाच्या त्याच अमेरिकी व्यवस्थेला २०२३ मध्ये एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तके घेण्याची मर्यादा घालावी लागली, यावरून या ओघाचा अंदाज येतो.

या स्थितीवर उपाय नाही असे मात्र नव्हे. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. तिचा पाठ क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी यंत्रात उतरवला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो शुद्ध केला, आणि कोणी काय केले याची नोंद त्या पाठासोबतच ठेवली गेली. मराठी विकिस्रोतावर मूळ पानाचे चित्र आणि टंकलेला मजकूर शेजारी-शेजारी राहतात, एकाचे काम दुसरा तपासतो, आणि प्रत्येक बदल तारखेनिशी नोंदला जातो. निर्णयसागरच्या शास्त्र्यांचे काम येथे अनोळखी स्वयंसेवक करीत आहेत. संगणक हा संहितेचा वैरी नाही, हे यावरून दिसते; किंबहुना बदलांचा इतका काटेकोर हिशेब ठेवण्याची शक्ती पूर्वीच्या कोणत्याही साधनात नव्हती. ती वापरावयाची की नाही, हे मनुष्याने ठरवावयाचे असते.

म्हणून यंत्रस्थ ग्रंथालाही शीर्षकपृष्ठाची शिस्त लागली पाहिजे. पाठ कोणत्या आवृत्तीवरून घेतला, कोणी वाचून तपासला, शेवटचा बदल केव्हा झाला, या तीन गोष्टी त्यावर नोंदलेल्या असाव्यात. १९५४ च्या ग्रंथदान कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि अन्य ठरलेल्या ग्रंथालयांत पोचवण्याचे बंधन प्रकाशकावर घातले. त्या कायद्याच्या डोळ्यांपुढे मुद्रित आणि शिळामुद्रित ग्रंथच होते. यंत्रस्थ संहितेलाही तसे एक सार्वजनिक घर हवे आहे, आणि जुन्या टंकांत अडकलेली १९९० नंतरची पुस्तके त्यात प्रथम यावयास हवीत, कारण ती जुळवणारी माणसे अद्याप हयात आहेत. लेखक आणि नकलकार आता एक झाले आहेत. तेव्हा एकनाथांनी पत्करलेले राखणदाराचे ओझेही लेखकालाच पत्करावे लागेल.