जहाजाभोवतीच्या लाटा संगणकाच्या पडद्यावर

पाणी कापत जाणाऱ्या जहाजाला दोन प्रकारचा विरोध सोसावा लागतो. पाणी जहाजाच्या बुडालेल्या पृष्ठभागाला घासते, तो घर्षणरोध. जहाज ज्या लाटा उठवते, त्यांसाठी खर्ची पडणारी ऊर्जा हा तरंगरोध. इंजिन किती शक्तीचे हवे आणि इंधन किती जळेल, हे मुख्यतः या दोहोंवर ठरते. जहाज एकदा बांधल्यावर त्याचा आकार बदलणे जवळजवळ अशक्य असल्याने हा अंदाज आधीच बांधावा लागतो.

या शास्त्राचा पाया विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने घातला. १८७२ मध्ये टॉर्की येथील लांबलचक हौदात त्याने जहाजांच्या प्रतिकृती ओढून मोजमापे सुरू केली. प्रतिकृतीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, तर तिच्या लाटांचा आकृतिबंध खऱ्या जहाजासारखाच उमटतो, हा त्याचा नियम. २३० मीटर लांबीचे, २४ नॉट वेगाचे मालवाहू जहाज घेतले, तर ७.३ मीटर लांबीची प्रतिकृती सेकंदाला सुमारे २.२ मीटर वेगाने ओढावी लागते.

अडचण घर्षणाची आहे. घर्षणाचेही साम्य साधायचे, तर हीच प्रतिकृती त्याच पाण्यात सेकंदाला सुमारे ३९० मीटर, म्हणजे हवेतील ध्वनीपेक्षाही अधिक वेगाने न्यावी लागेल! त्यामुळे दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत आणि घर्षणाचा भाग वेगळा हिशेब करून जोडावा लागतो. संगणकाचे खरे महत्त्व येथे आहे. त्याला प्रतिकृतीचे बंधन नसते. पूर्ण आकाराच्या जहाजाचे गणित तो थेट मांडू शकतो.

गणिताचे प्रयत्न संगणकाआधीचे आहेत. ऑस्ट्रेलियन गणिती जॉन मिशेल याने १८९८ मध्ये तरंगरोधाचे सूत्र मांडले. मात्र त्यात जहाज अतिशय निमुळते आणि पाणी घर्षणहीन मानले होते. पुढे संगणक आल्यावर जहाजाचा पृष्ठभाग लहान लहान चौकटींत विभागून प्रवाह काढण्याची पद्धत रूढ झाली. तीही घर्षण वगळतच असे.

आजच्या पद्धतीत जहाजाभोवतीचे पाणी आणि हवा लाखो सूक्ष्म घरांच्या जाळीत विभागतात. प्रत्येक घरात नेव्हिए आणि स्टोक्स यांची प्रवाहाची समीकरणे सोडवली जातात. पाण्यातील खळबळीचे सर्व बारकावे मोजणे आवाक्याबाहेर असल्याने त्यांचा सरासरी परिणाम धरला जातो. लाटेचा पृष्ठभाग कोठे आहे, हे ठरवण्याची एक युक्ती १९८१ मध्ये हर्ट आणि निकोल्स यांनी सुचवली. घर पाण्याने भरलेले असेल तर १, रिकामे असेल तर ० आणि मधले अंक असतील तेथे पाण्याचा पृष्ठभाग. त्यामुळे नाळेपाशी फुटणारी लाटही हिशेबात घेता येते.

मात्र पडद्यावरील चित्र सुबक दिसले म्हणजे उत्तर बरोबर असतेच असे नाही. जाळी विरळ असली, तर लाटा जहाजापासून दूर जाण्याआधीच विरून जातात. म्हणूनच स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८० पासून वेळोवेळी परीक्षा घेतली गेली. विविध देशांतील संशोधक ठरावीक जहाजांचे गणित स्वतंत्रपणे करतात आणि उत्तरे हौदातील मोजमापांशी ताडून पाहिली जातात. १९८० मध्ये पिछाडीजवळचा प्रवाह बहुतेकांना नीट साधला नव्हता. २०१० पर्यंत एकूण विरोधाच्या उत्तरांतील विखुरण सुमारे २ टक्क्यांवर आले. या परीक्षेतील कोरियन कंटेनर जहाज प्रत्यक्षात कधी बांधलेच गेले नाही. ते केवळ संशोधनासाठी आखलेले आहे.

तरीही हौद निकामी झालेले नाहीत. विशाखापट्टणम येथील नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीचा हौद आहे. संगणक अनेक आराखड्यांतून थोडके निवडून देतो आणि त्यांची कसोटी हौदात लागते. शेवाळ व शिंपले चढलेला तळ किंवा खवळलेला समुद्र यांचे गणित अजून कठीण आहे.

आवश्यक शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे विरोधातील दोन-चार टक्क्यांची बचतही जहाजाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्यात मोठी ठरते. नव्या जहाजांना ऊर्जा-कार्यक्षमतेचे आंतरराष्ट्रीय निकष २०१३ पासून बंधनकारक झाल्याने या गणिताला आता कायद्याचेही वजन आले आहे.