मालवण किनाऱ्यावरील बालसुरक्षा

मालवण किनाऱ्यावरील बालसुरक्षा या विषयात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील समुद्रकिनारे, खाड्यांची मुखे, होडीचे धक्के, सिंधुदुर्ग किल्ला आणि जत्रांची ठिकाणे येथे लहान मुलांवर पालकांनी ठेवावयाची देखरेख, तसेच त्यासंबंधीची व्यवस्था व कायदे यांचा समावेश होतो. जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटर लांबीचा किनारा लाभला आहे. तारकर्ली, देवबाग, वायरी भूतनाथ, चिवला, तोंडवळी व आचरा हे मालवण तालुक्यातील परिचित किनारे होत.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तत्पूर्वी येथील पुळणीवर खेळणारी मुले बहुधा जवळच्याच वाडीतील असत. रापण ओढण्यासाठी वाडीतील अनेक माणसे किनाऱ्यावर जमत आणि मुलेही त्यांच्यामागे येत. मुलाकडे आईवडिलांचे लक्ष नसले तरी कोणा ना कोणा जाणत्याचे असे. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती आणि भांग म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणारी लहान भरती, हा फरक मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत असे. कोकणात पाठीला वाळलेला भोपळा किंवा सुके नारळ बांधून मुलांना विहिरीत पोहायला शिकविण्याची पद्धत होती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात पोहण्याची भीती वाटणाऱ्या श्यामला त्याची आई बळेच विहिरीवर पाठविते, तो प्रसंग याच संस्कृतीतील आहे.

पर्यटनवाढीनंतर ही रचना बदलली. कोल्हापूर, बेळगाव, पुणे अशा घाटावरील भागांतून येणारे पालक नदी, तलाव व विहीर ओळखतात. समुद्राशी त्यांचा परिचय वर्षाकाठी दोन दिवसांचा असतो. त्यामुळे मुलावर नजर ठेवणाऱ्याला पाणी कळत नाही आणि ज्याला पाणी कळते त्याची नजर त्या मुलावर नसते. मालवण किनाऱ्यावरील धोक्याचे मूळ बऱ्याच अंशी या फारकतीत आहे.

पाण्याचे स्वरूप

या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास अवधी लागतो आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, असा जुना हिशेब आहे. त्यानुसार अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते. हा आडाखा मुंबईच्या किनाऱ्याला अधिक जुळतो. मालवणला भरती त्याच्या काहीशी आधी येते, म्हणून मुलांना पाण्यात नेण्यापूर्वी स्थानिक मच्छीमाराला विचारणे हाच अधिक भरवशाचा मार्ग होय.

ओहोटीचे पाणी सर्वत्र सारख्या वेगाने मागे जात नाही. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या बांधात जेथे खिंड पडलेली असते तेथून ते अरुंद पट्ट्यात वेगाने खोल समुद्राकडे ओढले जाते. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. परिणामी अननुभवी पालकाला नेमकी हीच जागा शांत वाटते व मुलांना खेळण्यासाठी तीच निवडली जाते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ पोहत न येता प्रथम किनाऱ्याला समांतर जाऊन प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे, असे जीवरक्षक शिकवितात. पाच-सात वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

तारकर्ली-देवबाग परिसरातील पाणी हिवाळ्यात विशेष नितळ असते. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे पाण्याचा तळ प्रत्यक्षाच्या सुमारे तीन-चतुर्थांश खोलीवरच असल्याचा भास होतो. चार फूट पाणी तीन फूट दिसते, आणि हा एक फूट म्हणजे लहान मुलाच्या छातीपासून नाकापर्यंतचे अंतर. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी व नदीचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असल्याने ओढ आणखी वाढते. तेथील ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून प्रसिद्ध असलेला वाळूचा उंचवटा भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो.

प्रमुख दुर्घटना

१५ एप्रिल २०१७ रोजी वायरी भूतनाथ येथे बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण बुडून मृत्युमुखी पडले. तत्पूर्वी १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले होते. त्यानंतर राज्याच्या शिक्षण विभागाने शैक्षणिक सहलींसाठी कडक सूचना काढल्या. समुद्रकिनारे, नद्या, विहिरी यांसारखी जोखमीची स्थळे टाळणे आणि पालकांची संमती घेणे यांवर त्यांत भर होता. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला.

वायरी व मुरूड येथील मृत हे लहान मुले नव्हते. तरीही दोन्ही प्रसंग देखरेखीच्या चर्चेत वारंवार येतात, कारण मोठ्या समूहात प्रत्येकाला दुसरा कोणी पाहत असल्याचे वाटते. नातेवाइकांच्या तीन-चार कुटुंबांच्या एकत्र सहलीतही हेच घडते. सोबत दहा प्रौढ असूनही पाण्याकडे कोणाचेच तोंड नसते.

देखरेखीची पद्धत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्यांपैकी जवळपास एक-चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा जागतिक दिवस म्हणून स्वीकारला आहे.

बुडणारे मूल ओरडते, हात हलविते, ही समजूत प्रामुख्याने चित्रपटांनी रुजविलेली आहे. प्रत्यक्षात श्वासाची धडपड चालू असताना आवाज काढणे शक्य नसते. मूल पाण्यात उभ्या स्थितीत राहते, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होते आणि एखाद्या मिनिटात, कधी त्याहूनही लवकर, ते दिसेनासे होते. त्यामुळे ‘हाक आली की धावू’ या पद्धतीची देखरेख समुद्रावर निरुपयोगी ठरते. लहान मूल पाण्यात असताना प्रौढाने हाताच्या अंतरावर आणि मुलाच्या समुद्राकडील बाजूस उभे राहावे. समूह मोठा असल्यास ठरावीक वेळेपुरती एकाच व्यक्तीवर नावानिशी जबाबदारी सोपवावी व त्या वेळेत तिने भ्रमणध्वनी दूर ठेवावा, असा सल्ला दिला जातो. छायाचित्रे काढणारा पालक मुलाकडे पाहत असतो हे खरे, परंतु त्याला येणारी लाट दिसत नाही.

जीवरक्षक जाकीट मुलाच्या वजनाला अनुरूप असावे लागते. प्रौढाचे जाकीट घातलेले मूल पाण्यात पडल्यास जाकीट वर राहते आणि मूल त्यातून खाली निसटू शकते. लहान मुलांच्या जाकिटाला यासाठीच पायांमधून जाणारा पट्टा असतो. धक्क्यावर होडीत चढण्यापूर्वी हा पट्टा पाहून घेण्याइतका वेळ निश्चितच असतो. हवा भरलेली रबरी कडी, हंस किंवा बाहूंवरील फुगे ही खेळणी होत, सुरक्षासाधने नव्हेत. किनाऱ्यावरून समुद्राकडे वारा वाहू लागला की ती मुलासकट दूर जातात.

मूल ओढले गेल्यास पोहता न येणाऱ्या पालकाने मागोमाग उडी घेतल्याने मृतांची संख्या वाढते. दोर, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जाकीट असे काहीही तरंगणारे फेकणे आणि मच्छीमारांना बोलावणे अधिक उपयुक्त ठरते. बाहेर काढलेल्या मुलास उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची प्रथा घातक आहे. श्वास थांबला असल्यास तत्काळ तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे आवश्यक असते.

शेजारच्या गोव्यात २००८ पासून पर्यटन विभागामार्फत किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक नेमले जातात. सिंधुदुर्गात गर्दीच्या काही किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, परंतु किनाऱ्याचा मोठा भाग निर्जन आहे आणि पर्यटकांना त्याचेच अधिक आकर्षण आहे. पावसाळ्यात जलक्रीडा व किल्ल्याची होडीवाहतूक बंद ठेवली जाते.

किल्ला व निवासस्थाने

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर काही ठिकाणी कठडा नाही आणि पायऱ्या अरुंद आहेत. किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी मुलांच्या कुतूहलाचा विषय असतात. निवास-न्याहारी योजनेतील अनेक घरांच्या आवारात जांभ्या दगडात खोदलेली उघडी विहीर असते. मुक्कामी पोहोचताच ती कोठे आहे हे पाहून घ्यावे लागते.

जत्रा व हरवलेली मुले

मालवण तालुक्यातील आंगणेवाडी येथे भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख ठरावीक तिथीला बांधलेली नसून देवीच्या कौलानुसार ठरते. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसह लाखो भाविक या वेळी जमतात व कोकण रेल्वे विशेष गाड्या सोडते. देवगड तालुक्यातील कुणकेश्वर येथे महाशिवरात्रीला मोठी जत्रा असते. येथील धोका पाण्याचा नव्हे, तर हात सुटण्याचा असतो.

ध्वनिक्षेपकावरून पुकारा करणाऱ्यांपुढील नेहमीची अडचण अशी की, लहान मुलाला वडिलांचे नाव विचारल्यास ते ‘बाबा’ असे सांगते. म्हणून आईवडिलांचे पूर्ण नाव व गाव मुलाला पाठ करून घेणे आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवणे इष्ट असते. नाव कपड्यांवर बाहेरून लिहू नये. अपरिचित व्यक्तीने नावाने हाक मारली की मुलाचा विश्वास सहज बसतो. चुकामूक झाल्यास जागा न सोडता उभे राहावे, आणि मदत मागावीच लागली तर पोलिसाकडे, दुकानदाराकडे किंवा मुले सोबत असलेल्या स्त्रीकडे मागावी, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे.

कायदेशीर बाजू

मुलाला किती वयापासून एकटे सोडता येईल, हे ठरविणारा केंद्रीय कायदा भारतात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ९३ बारा वर्षांखालील मुलाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने सोडणाऱ्या पालकाला सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करते. गर्दीत झालेली चुकामूक त्यात बसत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ताब्यातील बालकाकडे जाणूनबुजून केलेले आणि त्याला अनावश्यक यातना देऊ शकणारे दुर्लक्ष शिक्षापात्र आहे. पालकांपासून दुरावलेले मूल ज्याला सापडते त्याने चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, पोलीस, बालकल्याण समिती किंवा बालसाहाय्यवाणी यांना कळविणे याच अधिनियमानुसार बंधनकारक आहे. १०९८ ही साहाय्यवाणी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर प्रथम माहिती अहवाल नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर स्पष्ट केले.

पालक सोबत नसताना ही जबाबदारी मुलांना नेणाऱ्यावर येते. २८ मे १९९५ रोजी बियास नदीकाठी सहलीस नेलेले एका शाळेचे १४ विद्यार्थी बुडाले. या प्रकरणात, एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळेला जबाबदार धरून प्रत्येक मृत विद्यार्थ्यामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली.